नळीवरचं अक्षर

मोतीकाकांच्या हातून एकतीस वर्षांत एकाही रोग्याचा नमुना दुसऱ्याच्या नावावर गेला नव्हता. ही गोष्ट ते आपणहून कधी सांगत नसत. समोरच्याने विचारेपर्यंत थांबत, आणि त्याने विचारलंच नाही, तर त्याला विचारायला लावत.

मोतीकाका हे त्यांचं टोपणनाव. दवाखान्याच्या तपासणी खोलीत ते नमुने तपासायचे, आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. ज्या नळीत तपासणी करायची ती करंगळीच्या पेराएवढी. तिच्या अंगावर ते बारीक काळ्या पेनाने रोग्याचा नंबर, आडनावाचं पहिलं अक्षर आणि तारीख लिहीत, आणि तेही असं की भिंगाशिवाय वाचता यावं. इतर लोक नळीवर छापील चिठ्ठी चिकटवत. काका म्हणत, "चिठ्ठी सुटते. अक्षर सुटत नाही."

खोलीतल्या जुन्या यंत्राला झाडलोट करणाऱ्या मावशी 'म्हैस' म्हणत, कारण ते खायचं भरपूर आणि बसून राहायचं. एखाद्याच्या नाकातून घेतलेल्या नमुन्यात रोगाचे जंतू मूठभर असले, तर ते सापडत नाहीत. म्हणून जंतूंची ओळख पटवणाऱ्या खुणेच्या प्रती काढाव्या लागतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ. दर वेळी नमुना तापवायचा आणि निववायचा, असं चाळीस वेळा. म्हैस हे करायची, पण त्या थेंबभर पाण्यासाठी ती आपल्या पोटातला धातूचा अख्खा ठोकळा तापवायची आणि मग तो निवण्याची वाट बघत बसायची. कपभर चहासाठी सगळं स्वयंपाकघर तापवण्यातला हा प्रकार. दोन तास जायचे, विजेचं मीटर गरगरायचं, आणि खोली इतकी तापायची की ती गार करायला दुसरं यंत्र लावावं लागायचं.

मग नवं यंत्र आलं. डब्याएवढं. मावशींनी ते दहा मिनिटं निरखलं आणि त्याचं नाव 'काजवा' ठेवलं.

काजव्यात ठोकळाच नव्हता. नळीतल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे काळे कण असायचे. बाजूने दिव्याचा झोत पडला की ते कण तापत आणि त्यांच्यामुळे पाणी तापे. दिवा विझला की पाणी लगेच निवे. तापवायचं तेवढंच तापायचं, म्हणून दोन तासांचं काम नऊ मिनिटांत. वीज तर इतकी कमी की दवाखान्याच्या मुख्य साहेबांनी त्या आनंदात दारावर एक मोठा हिरवा फलक लावला, 'येथे वीज वाचवली जाते', आणि तो लोकांना नीट दिसावा म्हणून दिवसरात्र उजळत ठेवला.

यंत्र शिकवायला कंपनीचा एक तरुण आला होता. त्याला दुपारची गाडी गाठायची होती.

"काका, फक्त दोन गोष्टी. नळी किती तापली ते यंत्र बाहेरून बघतं, कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. म्हणून बोटांचे डाग नकोत. आणि दुसरं, नळीवर चिठ्ठी चिकटवायची नाही. उजेड अडतो."

"मग कोणाची नळी कोणती, हे कळणार कसं?"

"ज्या खाचेत ठेवाल तिचा नंबर पडद्यावर टाका. झालं!"

काका त्याच्याकडे बघतच राहिले. खाचेवर विश्वास ठेवायचा! उद्या कोणाचा धक्का लागला, नळ्या सांडल्या, तर ही पोरं काय नळ्यांना नावं विचारणार? पण शिकवणाऱ्याचा मान राखावा म्हणून त्यांनी मान डोलावली. आणि तो गाडीला गेल्यावर मावशींना म्हणाले, "चिठ्ठी नको म्हणाला ना? आपण कुठे चिठ्ठी लावतो!"

उद्घाटनाला साहेबांनी फीत कापली. कंपनीने पाठवलेल्या लाल झाकणाच्या तयार नळीची तपासणी झाली आणि नऊ मिनिटांनी पडद्यावर 'आढळले' असं आलं. रोग आढळल्याबद्दल इतक्या टाळ्या त्या दवाखान्यात त्यापूर्वी वाजल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून खऱ्या रोग्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या दिवसांत डांग्या खोकल्याची साथ होती. मोठ्या मुलांना तो रडवतो, हैराण करतो. महिन्याभराच्या बाळाच्या मात्र जिवावर बेततो. बाहेरच्या बाकांवर आया मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या असत, आणि एक पोर खोकायचं थांबलं की दुसरं सुरू करी. आत काजवा सगळ्यांबद्दल एकच सांगत होता. 'आढळले नाही.' पहिल्या दिवशी चौदा जणांना नाही. दुसऱ्या दिवशी एकोणीस जणांना नाही.

काका रोज सकाळी नियमाप्रमाणे लाल झाकणाची तयार नळी आधी लावत. तिच्यावर लिहिण्याची गरज नसे, कारण झाकणच सांगे ती कोण आहे. ती रोज न चुकता 'आढळले' म्हणे. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं.

"काजवा आला आणि साथ पळाली!" साहेब म्हणाले. आठव्या दिवशी त्यांनी वरच्या कचेरीला तसं पत्रही पाठवलं, आणि डॉक्टरांसाठी फतवा काढला, की तपासणीत रोग आढळल्याशिवाय कोणालाही डांग्या खोकल्याचं औषध द्यायचं नाही. विनाकारण औषध देणं हेही एक प्रदूषणच आहे, असं त्यात शेवटी लिहिलं होतं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तो कागद हातात घेऊनच खाली आल्या.

"काका, बाहेर ऐकताय ना? खोकल्याची उबळ, मग तो श्वास ओढताना येणारा आवाज... वीस वर्षं मी हे ऐकतेय. आणि तुमचा काजवा म्हणतो, नाही."

"बाई, काजवा माझा नाही. अक्षर माझं आहे. नमुन्यांची अदलाबदल झालेली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"मी अदलाबदलीचं कुठे म्हणतेय?"

"मग काही प्रश्नच नाही," काका म्हणाले, आणि त्यांना खरंच काही प्रश्न राहिला नाही.

खोलीच्या कोपऱ्यातून मावशी म्हणाल्या, "म्हैस दोन तासांनी का होईना, दूध द्यायची."

"मावशी, तुम्ही फरशी बघा."

"बघतेच आहे. तिच्यावरच सगळे खोकतात."

तोपर्यंत खोकला काकांच्या घरीही पोचला होता. त्यांची नात आठ वर्षांची. अखंड बोलायची म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. बारा दिवसांपासून टिटवीचं वाक्य पुरं होत नव्हतं. खोकता खोकता ती लालबुंद व्हायची आणि शेवटी असा काही श्वास ओढायची की ऐकणाऱ्याचाच जीव वर यायचा. घरात तिचा धाकटा भाऊ होता, पंचवीस दिवसांचा. सुनेने बाळाला घेऊन आतली खोली गाठली होती आणि दार लावून घेतलं होतं. टिटवी दाराशी बसून आतला आवाज ऐकायची, आणि उबळ आली की स्वतःच उठून लांब पळायची.

काकांनी तिचा नमुना स्वतः घेतला. नळीवर नंबर, आडनावाचं अक्षर, तारीख, सगळं लिहिलं. नात आहे म्हणून अक्षर जरा जास्तच सुबक काढलं. नऊ मिनिटांनी 'आढळले नाही' आलं तेव्हा ते कागद खिशात घालून घरी जवळजवळ पळतच आले.

"सूनबाई, उघड दार! साधा खोकला आहे. टिटवीला बाळ घेऊ दे मांडीवर."

दार बोटभर उघडलं. "बाबा, आणखी थोडे दिवस थांबू या."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. तिच्या खोकल्यावर नाही."

"अगं, यंत्र सांगतंय!"

"यंत्राला बाळ नाही, बाबा."

काकांना ते लागलं. एकतीस वर्षांत कोणी त्यांच्या कागदाला असं उत्तर दिलं नव्हतं. ते जेवले नाहीत. मग मुलाने मध्ये पडून तडजोड काढली, की रविवारी संध्याकाळी पाच वाजता टिटवीने बाळाला मांडीवर घ्यायचं. सून "बरं" म्हणाली, पण ते मान्य केल्यासारखं नव्हे, वाद मिटवल्यासारखं.

रविवारी सकाळीच टिटवीने अंघोळ करून धुतलेला फ्रॉक घातला. पाच वाजायला सात तास होते. ती इतकी फेऱ्या घालू लागली की काका तिला गॅलरीत घेऊन गेले.

"आजोबा, तुमचा काजवा दिव्याने पाणी कसं तापवतो?"

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून काका यंत्र आल्यापासून थांबले होते. साहेबांनी विचारला नव्हता, मुलाने विचारला नव्हता. त्यांनी प्लॅस्टिकचे दोन पातळ पेले आणले. दोन्हींत सारखंच पाणी ओतलं आणि एकात काळ्या शाईचे चार थेंब टाकले. पेले कठड्यावर उन्हात ठेवले.

"आता सांग, कुठलं पाणी जास्त तापेल?"

"दोन्ही सारखं. ऊन तर एकच आहे."

"बघू या. पण लक्षात ठेव, दोन गोष्टी ताडून बघायच्या असल्या, तर त्यांच्यात एकच फरक ठेवायचा. दोन फरक केले, की कोणामुळे काय झालं ते कळत नाही."

"मला माझा वेगळा पेला हवा."

"घे. पण शाई संपली."

टिटवीने तिसरा पेला भरला. शाई नव्हती म्हणून तिने काकांच्या खिशातलं काळं पेन काढलं आणि पेल्याच्या बाहेरून, उन्हाच्या बाजूला, आपलं नाव लिहिलं. जाडजूड, गिरवून गिरवून.

"हे काय कावळ्याचे पाय काढलेस?" काका म्हणाले. "कान्याला डोकं नाही, मात्रेला बूड नाही. पान भरून दहा वेळा लिही बरं, तोवर ऊन आपलं काम करेल."

टिटवीने तोंड वाकडं केलं, पण लिहायला बसली. सात वेळा लिहून झाल्यावर तिला उबळ आली. काका पाठीवर हात फिरवत राहिले. उबळ थांबली, डोळ्यांतलं पाणी पुसून झालं, तसं तिने पहिल्या पेल्यात बोट घातलं, मग शाईच्या पेल्यात.

"शाईचं गरम आहे! म्हणजे, कोमट. पण जास्त!"

"का?"

"काळं ऊन खातं."

"शाबास. काजव्याच्या नळीतपण असेच काळे कण असतात. ते उजेड खातात आणि..."

पण टिटवीचं लक्ष तिसऱ्या पेल्याकडे गेलं होतं. तिने एक बोट बाहेरून अक्षरांवर टेकवलं आणि दुसरं पाण्यात बुडवलं.

"आजोबा, गंमत! माझं नाव तापलंय, पाणी गारच आहे."

काका हसले. मग हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी टिटवीचं बोट बाजूला केलं आणि आपलं बोट त्या अक्षरांवर ठेवलं. अक्षरं तापली होती. त्यांनी पाण्यात बोट घातलं. पाणी गार होतं.

बाजूने येणारा उजेड. नळीच्या अंगावर काळं अक्षर. उजेड आत पोचायच्या आधीच अक्षराने खाल्लेला. आणि कपाळाला हात लावून ताप बघणारं यंत्र, जे बाहेरचं तापलेलं अक्षर बघतं आणि समजतं, की आतलं पाणीही तापलं. चाळीस वेळा तसंच समजतं. आतल्या थेंबाची एकही प्रत निघत नाही. फक्त लाल झाकणाच्या नळीची निघते, कारण तिच्यावर कोणी मोती ओवलेले नाहीत.

"आजोबा, कुठे चाललात? पाच वाजता यायचंय!"

काका चपला चुकीच्या पायांत घालून निघाले होते.

दवाखान्याची तपासणी खोली मावशींनी उघडून दिली. रविवारी फरशी पुसायला त्या यायच्या. टिटवीच्या नमुन्यातलं उरलेलं पाणी फ्रीजमध्ये होतं. काकांनी दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत तोच नमुना, तेवढाच, तेच काळे कण. पहिलीवर त्यांनी नेहमीसारखं लिहिलं. दुसरी उचलली आणि पेन तिच्यापासून लांब ठेवलं. आपण कोण ते न सांगणारी नळी त्यांनी आयुष्यात यंत्रात घातली नव्हती.

"मावशी, ही उजवीकडची कोरी. लक्षात ठेवा. धक्का लावू नका."

"मी दारात उभी आहे, काका. तिथून धक्का लावायला हात केवढा लागेल?"

नऊ मिनिटं गेली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. लिहिलेली नळी: आढळले नाही. कोरी नळी: आढळले.

मावशींना वाचता येत होतं. त्यांनी टेबलावरचा फोन काकांसमोर सरकवला.

काकांनी घरी फोन लावला. पाच वाजायला अजून पाच तास होते, पण त्यांना ते खरं वाटेना. बराच वेळ घंटी वाजत राहिली. सुनेने उचलला.

"बाळ कुठे आहे?"

"माझ्याजवळ. का?"

"टिटवीने घेतलं? पाचच्या आधी हट्ट करून?"

"नाही. आणि पाचलाही मी देणार नव्हते, बाबा. पाच वाजता बाळ झोपलेलं असणार होतं. मी ठरवलं होतं तसं."

काका स्टुलावर बसले. आपल्या कागदाविरुद्ध घरात हा कट शिजत होता, आणि त्याबद्दल सुनेचे पाय धरावे असं त्यांना वाटलं. "बरं केलंस," एवढंच ते म्हणाले. मग टिटवीला डांग्या खोकला असल्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. तासाभरात त्या घरी येऊन टिटवीला, बाळाला आणि सगळ्यांना औषध देऊन गेल्या. साहेबांचा फतवा त्यांनी बरोबर आणला होता. त्याच्या पाठीमागेच त्यांनी औषधांच्या वेळा लिहून दिल्या.

सोमवारी काका साहेबांसमोर उभे राहिले. अकरा दिवस, एकशे शहाऐंशी नळ्या. सगळं सांगून झालं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"काका, एकतीस वर्षांत तुमची एक चूक नाही."

"होय."

"मग आता कशाला सुरुवात करता?"

"सुरुवात झाली आहे, साहेब. मी फक्त सांगायला आलोय."

"साथ संपल्याचं पत्र वर गेलंय हो! तिकडून अभिनंदन आलंय." साहेबांनी आवाज खाली आणला. "असं करू. यंत्र बिघडलं म्हणून लिहू. कंपनीचं यंत्र, कंपनी बघेल. तुमचंही नाव स्वच्छ, माझंही."

ही वाट सोपी होती. काकांनी ती क्षणभर नीट पाहिली, खोटं कशाला बोला. एकतीस वर्षांचे मोती एका वाक्यात वाचत होते. पण यंत्र परत गेलं असतं, तर कोपऱ्यातली म्हैस पुन्हा पुढे आली असती. बाकांवरच्या आया पुन्हा तासनतास वाट बघत बसल्या असत्या. आणि त्या एकशे शहाऐंशी घरांत कुठेतरी दारामागे एखादं बाळ होतं, आणि प्रत्येक बाळाची आई काही कागदाविरुद्ध कट करणारी नसते.

"यंत्र निर्दोष आहे," काका म्हणाले. "त्याने उजेड टाकला. मध्ये मी आलो."

"हे असं लिहून द्याल?"

"लिहून आणलंय."

साहेबांनी कागद घेतला. वाचता वाचता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अक्षर मात्र काय सुंदर आहे हो!"

त्या आठवड्यात काकांनी एकशे शहाऐंशी घरी स्वतः फोन केले. काहींनी आभार मानले, काहींनी फैलावर घेतलं. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आता तुम्ही म्हणता ते खरं, की तेव्हा म्हणालात ते?" काकांनी त्यांना तीन पेल्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्या म्हणाल्या, हे तेव्हाच कोणाला तरी सांगायचं होतंत. पुन्हा तपासणी झाली तेव्हा बेचाळीस जणांना रोग आढळला. त्यांतल्या तिघांच्या घरी तान्ही मुलं होती. त्यांतल्या एका तान्ह्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. काका रोज येता-जाता त्या खाटेशी थांबायचे, आणि तो नवव्या दिवशी घरी गेला तेव्हा त्याच्या आईने काकांचं नाव विचारलं. काकांनी खरं नाव सांगितलं. ते तिने कधी ऐकलेलं नव्हतं.

साहेबांनी वर दुसरं पत्र पाठवलं. त्यात साथ संपल्याचा शब्द नव्हता. दवाखान्याने स्वतःच्या कामाची फेरतपासणी करण्याची एक अभिनव पद्धत सुरू केल्याचं मात्र होतं. त्याचंही अभिनंदन आलं.

आता नंबर फक्त नळीच्या झाकणावर लिहायचा, असं ठरलं. झाकणापर्यंत उजेड जात नाही. पण झाकण म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी गोल जागा, आणि तीही फुगीर. तिथे पेन घसरतं. नंबर, अक्षर आणि तारीख मावता मावत नाहीत.

म्हणून काका रात्रीचं जेवण लवकर उरकून सराव करू लागले. रिकाम्या नळ्यांची पिशवी त्यांनी दवाखान्यातून मागून आणली होती. टिटवीचं औषध पुरं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी आणि मग दोन दिवस उशिराने सुनेने परवानगी दिली होती. टिटवी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती आणि बाळ तिच्या मांडीवर होतं. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून काका एकेक झाकण तिच्या नाकासमोर धरत होते.

"हा सात आहे की एक?"

"सात."

"मला एक वाटला. आणि हे अक्षर आहे की मुंगी मेली आहे?"

"अक्षर."

"आजोबा, हे कावळ्याचे पाय आहेत," टिटवीने निकाल दिला. मग बाळ जागं होऊ नये म्हणून आवाज खाली आणून, हनुवटीने नळ्यांची पिशवी दाखवत म्हणाली, "दहा वेळा लिहा बरं."

काकांनी पुढची नळी घेतली, चष्मा वर सारला, आणि लिहू लागले.